आटे बसले, पण प्लग?
सुट्टीत झाशीला दतिया गेटजवळ स्कूटरचा प्लग बदलताना मेकॅनिककाका म्हणाले, "आटे बसले म्हणजे प्लग बसला असं नाही." माझदा आरएक्स-७ च्या रोटरी इंजिनात तर हे फारच खरे. तिथे रोटरच्या टोकाचे एपेक्स सील प्लगच्या भोकावरूनच घासत जाते. पुढे आलेला प्लग त्याला तोडेल. शिवाय प्रत्येक रोटरसाठी शाफ्टच्या दर फेरीला ठिणगी पडते (चार-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा), म्हणून उष्णता लवकर बाहेर सोडणारा 'थंड' प्लग हवा. एनजीकेत आकडा मोठा तेवढा प्लग थंड, चॅम्पियनमध्ये नेमके उलटे! मी इथेच फसलो होतो. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. शेवटच्या आरएक्स-७ मध्ये लीडिंगला एनजीकेचा ७, ट्रेलिंगला ९. दुसरा प्लग घेताना लांबी आणि हीट रेंज दोन्ही जुळवा. हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचे आहे, म्हणून इंजिन गार झाल्यावर आधी हाताने आटे फिरवा, मग पाना लावा.