संत्र्यांची जोडी

आपले नागपुरी संत्रे हे ‘मँडरिन’ या प्रकारात मोडणारे फळ होय. सैल साल व सहज सुटणाऱ्या फोडी हे त्याचे वैशिष्ट्य. सुरीवाचून ते कोठेही खाता येते आणि कोणालाही देता येते. पूर्व आशियात तर या देण्यालाच मोठा अर्थ आहे.

कँटोनीज भाषेत या फळाच्या नावाचा उच्चार ‘सोने’ या शब्दासारखाच होतो. (आम्हा बँकवाल्यांना हे साम्य विशेष भावावे!) सिंगापूर व मलेशियातील चिनी कुटुंबांत नववर्षाच्या भेटीस येणारा पाहुणा दोन संत्री दोन्ही हातांनी देतो, निघताना यजमानही त्याला दोन संत्री देतो. हिशेबाने पाहता दोघांच्याही पदरी नवे काहीच पडत नाही, तरीही ही देवघेव कोणी चुकवीत नाही. चिनी स्वयंपाकात सालही वाया जात नाही. ती वाळवून, मुरवून मांसाच्या रश्शात व गोड सारात घालतात.

जपानमध्ये हे फळ ‘मिकान’ होय. र्‍युनोसुके अकुतागावा यांची १९१९ सालची याच नावाची कथा आगगाडीच्या डब्यात घडते. समोर बसलेली गावंढळ मुलगी निवेदकाला नकोशी वाटते. त्यातच ती हट्टाने खिडकी उघडते व डबा धुराने भरतो. तेवढ्यात फाटकापाशी तिचे धाकटे भाऊ उभे दिसतात. चाकरीसाठी परगावी निघालेली ती बहीण ओटीतली पाच-सहा संत्री त्यांच्याकडे भिरकावते.