खिशातल्या चाकूची पारख

नेहमी खिशात बाळगायचा घडीचा चाकू, म्हणजे ज्याचे पाते मिटवून मुठीतच बसवता येते असा चाकू, निवडताना बहुतेक ग्राहक पोलादाच्या नावापासून सुरुवात करतात आणि किमतीपाशी येऊन थांबतात. वापर सुरू झाल्यावर ज्या तक्रारी पुढे येतात त्या मात्र पोलाद हलके निघाल्याच्या क्वचितच असतात. पाते जाड असल्यामुळे कापत नाही, गेलेली धार घरी लावता येत नाही, पावसाळ्यात पाते गंजते किंवा मुठीत अडकते, आणि विमानतळावरच्या तपासणीत चाकू हातचा जातो, अशा त्या तक्रारी असतात. त्यांचा एकत्र विचार केल्यास एवढे निश्चित म्हणता येते की, रोजच्या चाकूची पारख आधी पात्याच्या घडणीवरून आणि मग त्याची धार मालकाला राखता येईल की नाही यावरून करावी. पोलादाचे नाव व किंमत यांची पाळी त्यानंतर यावी.

अशा चाकूची कामे बहुधा ठरलेली असतात: पार्सलची चिकटपट्टी, सुतळी, पोत्याची शिवण, पेन्सिल आणि सर्वांत अधिक वेळा फळ. या कामांत जोरापेक्षा पाते वस्तूत सहज शिरण्याला महत्त्व असते, आणि ते शिरणे दोन मापांवर ठरते; पहिले पात्याच्या पाठीची जाडी आणि दुसरे धारेच्या लगत मागे असलेली जाडी, जी विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सहसा दिलेली नसते. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये घडवलेल्या लाकडी मुठीच्या चाकूची परंपरा आजही चालू आहे. त्यातील ८ क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब असून पाठीकडेही दोन मिलिमीटरहून पातळ असते, तर ‘दणकट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक महागड्या चाकूंची पाठ साडेतीन ते चार मिलिमीटर भरते. कडक पेरू दोन्हींनी कापून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो. पातळ पाते सरळ खाली उतरते आणि फोडीच्या दोन्ही बाजू गुळगुळीत निघतात. जाड पाते निम्म्यावर पोचताच पाचरीसारखे काम करू लागते, पेरू कापला न जाता उकलतो, फोड एकीकडे जाड व एकीकडे पातळ निघते, आणि हाताचा जोर वाढत गेल्याने पाते निसटण्याचा धोकाही वाढतो. धार कितीही तीक्ष्ण केली तरी ही उणीव भरून निघत नाही, कारण ती धारेची नसून घडणीची असते.

पोलादाकडे वळताना त्याचे तीन गुण वेगवेगळे ओळखावे लागतात: धार टिकवणारा कठीणपणा, धारेला खांडे पडू न देणारा चिवटपणा आणि गंजाला होणारा विरोध. पोलादाला पाणी देताना, म्हणजे ते तापवून, झपाट्याने थंड करून पुन्हा मंद आचेवर तापवताना, पहिल्या दोन गुणांचा तोल साधला जातो. म्हणूनच तेच पोलाद एका कारखान्यातून उत्तम आणि दुसऱ्यातून सुमार निघू शकते. कठीणपणा रॉकवेल सी या मापात मोजतात. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विस चाकूंचे पाते सुमारे ५६ अंशांवर ठेवलेले असते, तर सीपीएम एस३५व्हीएन यासारखे, वितळलेल्या धातूची भुकटी करून ती दाबून बनवलेले पोलाद बहुधा ५९ ते ६१ अंशांपर्यंत नेतात. गंजाबाबत केवळ क्रोमियमच्या टक्केवारीवर विसंबणे फसवे ठरते. डी२ या लोकप्रिय पोलादात सुमारे १२ टक्के क्रोमियम असते, परंतु कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असल्याने पुष्कळसे क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि पात्याच्या रक्षणाला उरत नाही. कोकणात किंवा मुंबईत, जिथे दमट खारी हवा बारमाही असते आणि चाकूला कैरी, लिंबू व कोकम लागते, तिथे असे पाते न पुसता ठेवल्यास त्यावर डाग उमटतात. साधे कार्बनी पोलाद तर काळे पडते आणि फळालाही लोखंडाची चव आणते.

सर्वाधिक पश्चात्ताप धारेच्या बाबतीत होतो. ज्या पोलादाची धार दीर्घकाळ टिकते, तेच धार लावतानाही तितकाच विरोध करते, आणि त्याचे कारण त्याच्या घटकांत असते. सीपीएम एस९०व्ही या पोलादात ९ टक्के व्हॅनेडियम असून त्यापासून बनणारे व्हॅनेडियम कार्बाइडचे सूक्ष्म कण घरोघरी आढळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडाहून कठीण असतात. साहजिकच त्या दगडावर पाते घासले तरी कणांभोवतीचा धातू झिजतो, कण मात्र नीट कापले जात नाहीत. अशा चाकूबरोबर हिऱ्याच्या कणांची पट्टी घेणे अपरिहार्य ठरते. ती न घेता चाकू रस्त्यावरच्या धारवाल्याकडे दिल्यास अधिक नुकसान होते: वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धारेची पातळ कड क्षणात तापते, तिच्यावर निळसर झाक येते आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरते, म्हणजे पोलाद तिथे मऊ पडते व पुढची धार चार दिवसही टिकत नाही. घरच्या दगडावर मात्र हे काम सावकाश आणि सुरक्षितपणे होते. पाते दर बाजूला १५ ते २० अंशांच्या कोनात धरून, पलीकडच्या बाजूला बोटाच्या पेराला बारीक खरखरीत कोर जाणवेपर्यंत घासावे, मग बाजू बदलावी, आणि शेवटी हलक्या हाताने ती कोर काढून टाकावी. ज्याने ही क्रिया साध्या पोलादावर अद्याप आत्मसात केलेली नाही, त्याने कठीण पोलादाच्या वाटेला जाऊ नये.

लॉक, म्हणजे उघडलेले पाते बोटांवर मिटू न देणारी योजना, दुकानातच तपासून घ्यावे. ओपिनेलमध्ये १९५५ पासून फिरते कडे असते. मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी रूढ केलेल्या लायनर लॉकमध्ये मुठीतील धातूची पातळ पट्टी स्प्रिंगप्रमाणे पात्याच्या बुडामागे येऊन बसते. ही पट्टी बुडाच्या निदान पाव रुंदीवर टेकलेली असावी. ती नुसत्या कडेवर टेकत असेल, किंवा सरकत पार पलीकडच्या भिंतीला लागत असेल, तर तो चाकू घेऊ नये. लाकडी मुठीचाही विचार आधीच करावा, कारण बीच लाकूड पावसाळी ओलाव्याने फुगते आणि पाते मुठीत इतके घट्ट बसते की नखाने उघडत नाही. समुद्रकाठी राहणाऱ्याने धातूची किंवा कृत्रिम द्रव्याची मूठ घेतलेली बरी.

चाकू बाळगण्याचा कायदा हा निवडीचाच भाग आहे. भारतात २०१६च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी बनवलेले चाकू त्यातून वगळलेले आहेत. खिशातला चाकू या मापाच्या कितीतरी आत असला, तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यावर बंदी असू शकते. बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू गुन्हेगारीशी जोडला गेला असल्याने तो टाळावा. विमानप्रवासात चाकू हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इनच्या सामानात द्यावा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हेही ध्यानात ठेवावे की, १९८८च्या तेथील कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय बाळगण्याची मुभा केवळ ३ इंचांपर्यंतच्या आणि लॉक नसलेल्या घडीच्या चाकूलाच आहे; सुरक्षिततेसाठी मुद्दाम निवडलेले लॉकच तिथे अडचणीचे ठरते.

यावरून निवडीचा क्रम असा ठरतो: आपण जिथे राहतो तिथला कायदा आणि हवामान आधी पाहावे, सात ते साडेआठ सेंटिमीटरचे पातळ पाते निवडावे, लॉक हाताने तपासावे, आणि पोलाद आपल्या दगडावर धार घेईल असेच घ्यावे. उत्तम महाग चाकूत वाढीव किंमत काटेकोर जुळणी, सुटे करून साफ करता येणारी रचना आणि दुरुस्तीची हमी यांसाठी मोजली जाते, आणि हे गुण खरोखर मोलाचे आहेत; परंतु ते पातळ धारेच्या जोडीला येतात तेव्हाच ग्राहकाच्या पैशाचे चीज होते. ज्याच्याजवळ अजून एकही चाकू नाही त्याने पहिली खरेदी साध्या, स्वस्त, पातळ पात्याच्या चाकूची आणि एका चांगल्या दगडाची करावी. त्या चाकूची धार निदान एक पावसाळा स्वतः राखता आली, म्हणजे महागड्या चाकूत नेमके काय हवे आहे हे त्याला दुकानदाराला विचारावे लागत नाही.