गोव्याचा जनमत कौल आणि भाषा

गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश राहावे, याविषयी १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणास (चिन्ह फूल) १,३८,१७० मते पडली; विरोधास (चिन्ह दोन पाने) १,७२,१९१. हा कोंकणीचा मराठीवरील विजय, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो अपुरा होय. विलीनीकरणवादी ‘गोमन्तक’शी झुंजणारे ‘राष्ट्रमत’ हेही मराठीच दैनिक. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातलेच. मराठी वाचणाऱ्या मतदाराचे मन वळवायचे तर मराठीतच लिहिणे भाग होते. (उल्हास बुयांव यांच्या कोंकणी गाण्यांना अक्षरओळखीची गरज नव्हती, ही गोष्ट वेगळी.) वाचनाची भाषा आणि राजकीय कौल यांची सांगड येथे बसत नाही. मार्च १९६७ मध्ये तर याच मतदारसंघांनी महाराष्ट्रवादी गोमन्तक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले.