पाटीवरचा 'एल.' कोण?

प्रश्न : मुलाकडे नेदरलँड्सला गेलो असताना लायडन विद्यापीठाची वनस्पतिबाग पाहिली. देशोदेशीची झाडं, प्रत्येकापुढे पाटी. पुष्कळ लॅटिन नावांच्या शेवटी 'एल.', शिवाय एक लांबलचक आकडा. हे काय असतं? आणि विद्यापीठाला बाग हवी कशाला?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी बागेचं. लायडनची बाग १५९० सालची. तेव्हा औषध म्हणजे मुख्यतः झाडपालाच. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला झाडच ओळखता आलं नाही, तर रोग्याचं काही खरं नव्हतं. १५९३ साली तिथे आलेल्या क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं मात्र औषधींच्या जोडीला दूरदेशीची झाडंही लावली, ट्यूलिपचे कंदसुद्धा. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ताचं औषधींवरचं पोर्तुगीज पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. ते संक्षेपानं लॅटिनमध्ये आणून युरोपभर पोचवलं, तेही क्लुसियसनंच. आपल्या आंब्याशी त्याची ओळख अशी कागदावर झालेली होती.

'एल.' म्हणजे लिनियस. या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३च्या ग्रंथात झाडांना दोन शब्दांची नावं सरसकट लावली. नाव ज्यानं दिलं, त्याची ही सही. आंब्यापुढे 'एल.' असतं, तर फणसापुढे 'लाम.', म्हणजे लामार्क.

पण नावावर फार विसंबू नका. चिंच घ्या. अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हटलं. त्यावरूनच लॅटिन नाव आलं : टॅमरिंडस इंडिका. प्रत्यक्षात आपल्या आमटीतली ही चिंच मूळची आफ्रिकेची!

अशा वेळी कामाला येतो तो आकडा. झाड बागेत दाखल होताना नोंदवहीत त्याला मिळालेला हा क्रमांक. अनेक बागांत त्याचे पहिले चार अंक म्हणजे आल्याचं साल. बी कुठल्या रानातलं, कोणी गोळा केलं, हे त्या नोंदीत सापडतं. पुढे नाव चुकीचं ठरलं, तर पाटी बदलते, आकडा तोच राहतो. अभ्यासकाला झाडाइतकीच ही नोंद लागते. वही हरवली, तर झाडं तीच राहतील, पण बाग मात्र नुसती फिरायला जायची होईल.