अत्तर लावायचा हात

सोरायसिस अंगावर घेऊन मला १९ वर्षं झाली. कोपर, गुडघे, डोकं आणि हातांचे पंजे.

१. लग्नानंतरच्या दुसऱ्या संक्रांतीला शेजारच्या काकूंनी हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. अत्तरदाणी मात्र माझ्या हातापाशी आली, थबकली आणि पुढच्या बाईकडे गेली. कुणी काही बोललं नाही. मग सहा वर्षं मी कुठल्याच हळदीकुंकवाला गेले नाही. ‘अडचण आहे’ म्हणायचे. दर वेळी अडचणच कशी येते, हे सासूबाईंनी विचारलं नाही. भर उन्हाळ्यात लांब बाह्या, सतरंजीवरून उठताना खपल्या मुठीत गोळा करणं... खाजेपेक्षा या लपवाछपवीनं मी जास्त थकले.

२. हा आजार शिवाशिवीनं होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच बिघडते आणि महिनाभरानं बदलणारी कातडी काही दिवसांतच वर येऊन तिच्या खपल्या पडतात. समोरच्यानं टक लावली की आता मीच हे सांगून टाकते. पहिल्यांदा सांगताना आवाज कापला होता.

३. ‘टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे जाईल.’ ताणानं चट्टे वाढतात, हे खरं. पण चट्ट्यांनीही ताण येतो ना! या वाक्यानं प्रत्येक नवा चट्टा मला माझाच गुन्हा वाटायचा.

४. पोटातलं स्टेरॉइड मनानं बंद करू नका. मी केलं, आणि अंगभर उठलं.

५. नवव्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी मलम लिहिण्याआधी दहा प्रश्नांचा कागद दिला. कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९४ साली मांडलेली ही प्रश्नावली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे संकोच वाटला का? कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का? ३० पैकी माझे २३ गुण आले. जितके जास्त, तितका त्रास मोठा. मी तिथेच रडले. कपड्यांबद्दल आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जगणं नको वाटतं, हेही त्या दिवशी पहिल्यांदा तोंडून निघालं. मलमाबरोबर मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मिळाली आणि उदासीनतेच्या गोळ्या दीड वर्ष चालल्या. अपरात्री जगणं नको वाटलं, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तिथे मराठीतून बोलता येतं. माझ्या वेळी तो नव्हता.

६. यंदा हळदीकुंकू माझ्या घरी केलं. त्या काकूही आल्या. आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा क्षणभर माझाच हात थबकला.