एका दिवसाच्या उपवासानं काय होतं?

प्रश्न : दरवर्षी 19 मार्चला शेतकऱ्यांसाठी अन्नत्याग करा, असा निरोप येतो. ही तारीख कुठून आली? आणि मी अकोल्यात एक दिवस जेवलो नाही, तर शेतकऱ्याच्या घरी काय फरक पडतो?
– एक वाचक, अकोला

उत्तर : तारीख आली यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणहून. महागाव तालुक्यातल्या या गावचे साहेबराव करपे सरपंच राहिलेले, भजनात रमणारे शेतकरी. 19 मार्च 1986 रोजी पवनारला त्यांचं अख्खं कुटुंब संपलं. जाहीर चर्चा झालेली राज्यातली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. अंबाजोगाईचे अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनानं 2017 पासून या दिवशी अन्नत्यागाची हाक दिली. मंडप नको, वर्गणी नको. नोकरीनिमित्त पुण्याला किंवा परदेशी गेलेली शेतकऱ्यांची पोरंही आहेत तिथं उपवास धरतात.

आता फरकाचं. उपवासानं कर्ज फिटत नाही, हे उपवास करणाऱ्यांनाही ठाऊक असतं. 2006 साली केंद्रानं अमरावती, अकोल्यासह विदर्भातल्या 6 जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज दिलं, तरी आत्महत्या थांबल्या नाहीत. पण अशा घरावर दुःखाच्या जोडीला बोल येतो. पारावर कुणी म्हणतं, ‘दारू पेत असन.’ सरकारी चौकशीतून ते घर मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. कारणं एकाहून अधिक असतात, हे खरं. पण दोष तेवढा एकट्या घराच्या माथी बसतो. नात्यागोत्यात नसलेली माणसं त्या दिवशी सुतक पाळतात, तेव्हा हा बोल थोडा हलका होतो. माणूस आमचाही होता, एवढं तरी जाहीर होतं.

खरी एकी मात्र जेवण सुरू झाल्यावर कळते. कर्ता गेला म्हणून मृग थांबत नाही. वाफसा मिळतो दोन-चार दिवस; तेवढ्यात शेजाऱ्याची तिफन त्या वावरात गेली, तर हंगाम वाचतो. पुढे डवरणीलाही कुणाची तरी बैलजोडी लागते. दुसरं काम मागे राहिलेल्या बाईच्या कागदांचं. सातबारा बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे असतो. वारसाचा फेर झाला नाही, तर पीककर्जापासून विम्यापर्यंत सगळं अडतं. पात्र ठरलेल्या कुटुंबाच्या 1 लाखाच्या मदतीतही 30 हजारच हाती येतात, 70 हजार ठेवीत जातात. तलाठ्याकडे, बँकेत त्या बाईसोबत जाणारं कुणी असलं, की तिचे चार हेलपाटे वाचतात.

तेव्हा उपवास जरूर करा. पण सोडताना यातलं एक काम अंगावर घ्या. आणि ओळखीतला कुणी शेतकरी अबोल झाला असेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, तर 19 मार्चची वाट पाहू नका. त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा, एकटं सोडू नका. टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर समुपदेशक कधीही बोलतात; फोन तुम्हीही लावून देऊ शकता.