रंगाचे मोजमाप : पक्ष्याचा डोळा आणि संगणक

आपण सहज म्हणतो, पोपट हिरवा, कावळा काळा, बगळा पांढरा. असे म्हणताना एक गोष्ट आपण गृहीत धरतो, की जे आपल्या डोळ्यांना दिसते तेच त्या पाखरांनाही दिसत असणार. जीवशास्त्राच्या अभ्यासकांनीही बराच काळ पक्ष्यांच्या रंगांच्या नोंदी स्वतःच्या डोळ्यांच्या भरवशावरच केल्या. ही समजूत कुठे चुकली आणि ती दुरुस्त करण्यास संगणक कसा उपयोगी पडला, याची ओळख विज्ञान शाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांनाही व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रकाश आणि डोळा

प्रकाश लहरींच्या रूपाने प्रवास करतो. लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीचा प्रकाश दिसतो. ४०० च्या अलीकडे जांभळ्या रंगाच्या पलीकडचे जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण असतात. त्यांचा शोध १८०१ साली जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांनी लावला. आपल्या डोळ्यातील भिंगच हे किरण बहुतांशी शोषून घेते, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. शिवाय रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात, तर बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यात चार प्रकारच्या असतात. त्यामुळे अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो.

युरोपात ब्लू टिट नावाचा चिमणीहून लहान पक्षी आहे. त्याचा नर आणि मादी आपल्याला जवळजवळ सारखेच दिसतात. परंतु त्यांच्या डोक्यावरच्या निळ्या पिसांतून येणारा प्रकाश यंत्राने मोजला, तेव्हा नराच्या तुऱ्यातून अतिनील किरण मादीपेक्षा अधिक परावर्तित होतात असे आढळले. ब्रिटन आणि स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना आपण सारखे समजत होतो, ते एकमेकांना सारखे दिसतच नव्हते. दोष पाखरांचा नव्हता, आपल्या नजरेचा होता.

मोजमाप कसे होते?

हे काम स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वर्णपटमापक, हे यंत्र करते. पिसावर प्रकाश टाकायचा आणि परत येणारा प्रकाश यंत्रात घ्यायचा. कोणत्या लांबीचा प्रकाश किती टक्के परत आला, हे यंत्र सांगते. ३०० ते ७०० पर्यंत प्रत्येक नॅनोमीटरला एक, असे एका पिसाचे ४०१ आकडे होतात. पन्नास पक्ष्यांची प्रत्येकी तीन मोजमापे घेतली, तर आकडे साठ हजारांच्या वर जातात. हे हाताने मांडत बसणे अशक्य. येथे संगणक आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, मदतीला येते.

अशीच एक आज्ञावली 'पावो'. माइया, एलिआसन आदी संशोधकांनी तिची माहिती २०१३ साली प्रसिद्ध केली. हाच शब्द मोराच्या 'पावो क्रिस्टॅटस' या शास्त्रीय नावात आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी निर्माण केलेल्या 'आर' या संगणक भाषेत ती चालते. तिचे काम थोडक्यात असे :

१. निरनिराळ्या यंत्रांतून आलेल्या नोंदी वाचून एका तक्त्यात आणणे.
२. आलेखातील यंत्रामुळे आलेली बारीक थरथर काढून टाकणे, आणि एकाच पक्ष्याच्या अनेक मोजमापांची सरासरी काढणे.
३. रंगाची उजळता, गडदपणा आणि छटा आकड्यांत सांगणे.
४. तोच रंग दुसऱ्या प्राण्याच्या डोळ्याला कसा जाणवेल याचा हिशेब करणे.

यातले चौथे काम सर्वांत महत्त्वाचे. ब्लू टिट, मोर, मधमाशी, कुत्रा, घरमाशी अशा अनेकांच्या दृष्टीची माहिती या आज्ञावलीत भरलेली आहे. 'हे दोन रंग वेगळे आहेत का?' एवढाच प्रश्न तिला पुरत नाही. 'कोणाच्या डोळ्यांना?' हेही सांगावे लागते. फरकाचा आकडा एकपेक्षा कमी आला, तर तो फरक त्या प्राण्याला बहुधा जाणवत नाही, असे सर्वसाधारणपणे मानतात. व्होरोबिएव्ह आणि ओसोरिओ यांनी १९९८ साली मांडलेल्या सूत्रावर हा हिशेब आधारलेला आहे.

सावधगिरी

व्हाउचरवरचा आकडाच चुकलेला असेल, तर संगणकाची बेरीज बिनचूक असूनही खाते चुकीचेच राहते. येथेही तसेच आहे. मोजणीपूर्वी यंत्राला एक प्रमाणित पांढरी चकती दाखवून 'पूर्ण परावर्तन म्हणजे एवढे' हे ठरवून द्यावे लागते. ती चकती मळलेली असेल, तर पुढचे सारे आकडे चुकतात. साध्या दिव्यात अतिनील प्रकाश फारच थोडा असतो. तो वापरला तर नेमका तोच भाग हातून सुटतो. मोरपिसाचा झगमगता रंग पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो आणि पाहण्याचा कोन बदलला की तोही बदलतो. म्हणून प्रत्येक वेळी कोन तोच ठेवावा लागतो. या चुका आज्ञावली आपण होऊन ओळखत नाही. ती जबाबदारी मोजणाऱ्याची.

विद्यार्थी मित्रांनो, 'आर' आणि 'पावो' या दोन्ही विनामूल्य मिळतात. त्यांची आतली रचनाही कोणालाही वाचता येते. वर्णपटमापक महाग असतो हे खरे, पण इतरांनी मोजून खुली केलेली माहिती घेऊन सराव करता येतो. त्यासाठी एक साधा संगणक आणि चिकाटी पुरे. मात्र शिकताना ब्लू टिटचा धडा विसरू नका. आपल्याला फरक दिसला नाही, म्हणजे फरक नाहीच, असे ठरवण्यापूर्वी मोजून पाहावे.